लांगऱ्याची परेड

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी लष्करातल्या आठवणी विचारल्या की मी थंडीबद्दल बोलायचो. बर्फ कसा पडतो, मिशीला कसा चिकटतो, एवढं सांगितलं की आमच्या भागातल्या माणसाचं समाधान होतं. आमच्याकडे चैत्रात पत्र्याला हात लागला तर फोड येतो, त्यामुळं बर्फाच्या गोष्टीवर उलट प्रश्न कुणी विचारत नाही.

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. बोलणारे गृहस्थ म्हणाले, "ज्या हातांनी सीमेवर बंदूक चालवली, त्याच हातांनी सरांनी आमची पोरं घडवली." मंडपात टाळ्या पडल्या. सगळे वाजवतात म्हणून मीही वाजवल्या. घरी आल्यावर त्या हातांकडं बघत बसलो. या हातांनी सीमेवर कणीक मळली होती.

मी सैन्यात लांगरी होतो. लांगरी म्हणजे लंगरातला, सैन्याच्या भटारखान्यातला स्वयंपाकी. सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये बंदूक आम्हालाही देतात, परेडही शिकवतात. पण पुढची सगळी नोकरी माझी चुलीपाशी गेली. मधूनमधून फायरिंगला नेत, तेव्हा माझ्या गोळ्या शेजारच्याच्या निशाण्यात सापडत. स्वयंपाकाची मला लाज नव्हती. शंभर माणसांच्या पुऱ्या मी अशा तळायचो की पहिली आणि शेवटची एकाच आईच्या पोटची वाटावी. लाज होती ती माझ्या वडिलांपुढं. भरतीहून आलो त्या संध्याकाळीच त्यांनी आमच्या मुडबीपासून पार बसवकल्याणच्या बाजारापर्यंत सांगून टाकलं होतं की पोरगं बंदूक घेऊन सीमेवर चाललंय. पुढं माझं काम कोणतं ते कळलं, पण तोवर गावात माझ्या नावानं नारळ फुटले होते. फुटलेला नारळ परत कसा घ्यायचा?

मग मी एक फोटो पाठवला. त्यात मी बंदूक घेऊन उभा आहे, छाती पुढं, नजर दूर शत्रूवर. बंदूक माझ्या जोडीदाराची होती आणि फोटोही त्यानंच काढला होता.

हा जोडीदार शेजारच्या गावचा. आम्ही एकाच पलटणीत होतो. त्याच्या घरात कानडी, आमच्या घरात मराठी. त्याला दोन्ही सारख्याच येत आणि दोन्हींत तो सारखाच कमी बोले. अंगानं बारका, आवाज मऊ, चालणं असं की कुणी म्हणावं हा गावात घड्याळं दुरुस्त करत असेल. पण पलटणीत तो परेडचा उस्ताद होता, जवानांना कवायत शिकवायचा. मैदानात उभा राहून त्यानं "सावधान" म्हटलं की लंगरात माझ्या हातातली पळीसुद्धा सरळ व्हायची. मी सुट्टीवर गावी येऊन पारावर लढाईच्या गोष्टी सांगायचो तेव्हा तो शेजारी बसून पान चघळायचा. नंतर रस्त्यानं जाताना एवढंच म्हणायचा, "अण्णा, आज तुम्ही लई माणसं मारलीत. जरा कमी करा. गावात कुणीतरी मोजायलाय."

आम्ही दोघं थोड्या दिवसांच्या अंतरानं सुटून घरी आलो आणि बरोबरच काम शोधायला निघालो.

सैन्यातून आलेल्या माणसाला काम मिळतंच, असं गावात सगळ्यांना वाटतं. फक्त काम देणाऱ्याला तसं वाटत नाही. एका बँकेनं सांगितलं, गनमन पाहिजे, पण गन तुमची पाहिजे. साखर कारखान्यानं सांगितलं, हंगाम सुरू झाल्यावर या. हंगामात गेलो तर म्हणाले, हंगामाच्या आधी यायला पाहिजे होतं. बिदरच्या एका साहेबांनी आम्हाला चहा पाजून देशाबद्दल बरंच सांगितलं आणि निरोप दिला. एका डाळमिलच्या शेठजींना मात्र आम्ही खरोखर पाहिजे होतो. काम काय, विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई, दुकानापुढं खुर्ची टाकून बसायचं. युनिफॉर्म घालायचा. उधारीवाले येतात, ते घाबरले पाहिजेत."

जोडीदार बाहेर येऊन म्हणाला, "अण्णा, हे काम बुजगावण्याचं हाय. आपल्याकडं त्याच्यासाठी जुनी मडकी हायत."

पुण्याला मात्र काम होतं. आमच्या ओळखीचा एक जण तिथं सिक्युरिटीत होता, त्यानं दोघांनाही बोलावलं होतं. मी गेलोही असतो. जोडीदार तयार नव्हता, आणि त्याचं कारण त्याची मुलगी होती.

ती झाली तेव्हा तो पार तिकडं उत्तरेला. पुढं वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. ती ओळखीला यायची तोवर सुट्टी संपायची. कायमचा घरी आला त्या दिवशी ती दारात खेळत होती. त्याला बघून आत पळाली आणि आईला म्हणाली, "अव्वा, मिल्ट्रीवाले मामा आलेत." शेजारीपाजारी हसले, तोही हसला. पण नंतर महिना झाला तरी ती मामाच म्हणत होती. आई रागावली की तोंड फिरवायची. पाण्याचा तांब्या दुरून ठेवून पळून जायची. तो मला म्हणाला, "अण्णा, रोज संध्याकाळी घरी पोचता येईल असं कायबी काम बगा. झाडलोट असू द्या. ती एकदा अप्पा म्हणेपर्यंत मी जिल्ह्याच्या बाहेर पाय टाकत न्हाई. तिची अव्वा म्हणती, अप्पा म्हण. ती म्हणती, अप्पा तर फोटोत हायत."

अशात बसवकल्याणच्या बाहेर एक नवी निवासी शाळा निघाल्याचं कळलं. शाळेला लष्करी शिस्त आणायची होती, म्हणून चेअरमनना मिलिट्रीचा माणूस पाहिजे होता. निरोप माझ्या वडिलांकडं आला. त्यामुळं मुलाखतीला वडीलही आले. धुवट धोतर, डोक्याला रुमाल आणि पिशवीत तो फोटो, काचेसकट.

चेअरमन मोठा मोकळा माणूस. "बर्री, कूड्री," म्हणत त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि माझ्याकडं, म्हणजे माझ्या मिशीकडं, बघत राहिले. माझी मिशी तेव्हा बघण्यासारखी होती. आमची सगळी कागदपत्रं पिशवीत होती. त्यात माझं काम काय ते सरळ लिहिलेलं होतं. ती मागायचं त्यांना सुचलंच नाही.

"परेड शिकवाल न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "परेड काय विचारता? सतरा वर्सं बंदूक होती पोराच्या खांद्यावर. आन हे बगा." फोटो टेबलावर आला.

चेअरमननी फोटो बघितला, परत मिशी बघितली, दोन्हींचं जुळलं. मग जोडीदाराकडं वळून म्हणाले, "आणि तुम्ही? तुम्ही काय करत होता तिथं?"

मी जोडीदाराकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तो माझ्या वडिलांकडं बघत होता. वडील फोटोची काच धोतराच्या सोग्यानं पुसत होते.

"मी लंगरात होतो साहेब," तो म्हणाला. "स्वयंपाक."

"बेस झालं," चेअरमन म्हणाले. "मला आचारीपण पाहिजेच होता."

अशा रीतीनं पलटणीचा लांगरी परेडचा उस्ताद झाला आणि उस्ताद लांगरी झाला. येताना मी त्याला विचारलं, "कामून असं केलास गड्या?" तर म्हणाला, "म्हातारा पडला असता खुर्चीवरून. आन मला काय, संध्याकाळची बस सापडली म्हणजे झालं. स्वयंपाकात काय असतंय एवढं?"

स्वयंपाकात काय असतं ते पहिल्याच सकाळी कळलं. त्यानं उप्पीट केलं. पोरांनी ताटली उलटी धरली तरी ते खाली पडेना. माझ्याकडंही वेगळी गत नव्हती. मी मैदानात पोरं उभी केली, जोरात "दाहिने मुड़" म्हटलं आणि सवयीनं स्वतः डावीकडं वळलो, कारण लंगरात मिठाचा डबा डावीकडं असायचा. पुढं काय म्हणायचं ते आठवेना, म्हणून पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. ती बिचारी दमली, मी ओरडत राहिलो आणि चेअरमन ऑफिसच्या खिडकीतून बघून खूश झाले. त्यांना तेच पाहिजे होतं.

दुपारी भांडी घासायच्या ओट्यावर आम्ही दोघं डोकं धरून बसलो. तिथंच ती युक्ती निघाली. युक्ती त्याचीच. भटारखान्याची खिडकी मैदानाकडं उघडायची. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही मैदानातून मला सांगा काय घालायचं. मी खिडकीतून तुम्हाला सांगतो काय बोलायचं."

त्याच्याकडं पळी होती, माझ्याकडं शिट्टी. पळी वर गेली की सावधान. आडवी झाली की विश्राम. उजवीकडं कलली की दाहिने मुड़. तिच्या ठोक्यावर पोरांचे पाय पडायचे, आणि मला बघून पाठ झालं तसं मीही त्या ठोक्यावर ओरडू लागलो. उलट बाजूनं मी नाकानं काम करायचो. फोडणी किती झाली, डाळ कुठवर आली, हे मला मैदानाच्या मधून वासावर कळतं. ते ज्ञान कधी वाया गेलं नाही. एक लांब शिट्टी म्हणजे जाळ कमी कर. लागोपाठ तीन छोट्या म्हणजे भांडं खाली उतरव.

आता परेडच्या मधे उगाच शिट्ट्या वाजल्या तर कुणीतरी विचारणारच. म्हणून त्या शिट्ट्यांना परेडमध्ये काहीतरी अर्थ देणं भाग होतं. लांब शिट्टी झाली की पोरांनी उजवीकडं वळायचं, कारण भटारखाना उजवीकडं होता आणि मलाही तिकडं बघावं लागायचं. तीन छोट्या झाल्या की पुढं चालू लागायचं, कारण भांडं उतरलं म्हणजे जेवायची वेळ झालेली असायची. रोज सकाळी परेड अशी संपायची: लांब शिट्टी, पोरं उजवीकडं, तीन छोट्या, पोरं सरळ चालत भटारखान्यात, रांगेत मांडी घालून, ताटल्या पुढं. पालक बघायला येत आणि म्हणत, काय शिस्त आहे. जगात दुसरी कुठली परेड पातेल्यावर चालत असेल असं मला वाटत नाही.

दिवाळीपर्यंत त्याचं सांबार खाण्यासारखं झालं आणि माझी परेड बघण्यासारखी. गावात वडील छाती काढून चालत. माझा पगार घरात यायचा, पण त्यांना पगाराचं काही नव्हतं. लोक मला कमांडो सर म्हणत, त्याचं होतं.

आणि जोडीदार रोज संध्याकाळची बस धरून घरी जात होता. मुलीचं काय चाललंय ते मला रोज सकाळी कांदा चिरता चिरता कळायचं. आज तांब्या हातात दिला. आज केसातली रिबीन बांध म्हणाली, मी बांधली, आईनं परत सोडून बांधली. एका सकाळी मी गेलो तर कांदा तसाच पडलेला आणि हा नुसता उभा.

"काय झालं रे?"

"काल शेजारच्या पोरीशी भांडत होती. मी आत होतो, तिला ठाऊक न्हवतं. तिला म्हणाली, थांब, आमचे अप्पा संध्याकाळी आले की सांगते."

"मग?"

"मग काय. मी बाहेरच गेलो न्हाई. म्हणलं, बाहेर गेलो तर लाजून परत मामा म्हणायची." त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "कांदा लई तिखट हाय हो अण्णा." कांदा अजून चिरलाच नव्हता.

ते जानेवारीत. त्याच महिन्यात सव्वीस तारखेला शाळेत मोठा कार्यक्रम ठरला. चेअरमननी पाहुणे म्हणून सैन्यातले एक निवृत्त मोठे अधिकारी बोलावले. हे कळल्यावर मी तडक भटारखान्यात गेलो. जोडीदार म्हणाला, "घाबरू नका. पोरांना पाठ हाय. तुम्ही नुसतं उभं ऱ्हावा, आन शिट्टीला हात लावू नका."

त्या दिवशी खिडकी बंद होती. पाहुण्यांना भटारखाना दिसू नये म्हणून चेअरमननी तिच्यावर आणि शेजारच्या दारावर मोठं तोरण आणि कापडी फलक लावला होता. म्हणजे पळी नाही. आत शिरा होता. सगळ्या शाळेला, पालकांना, पाहुण्यांना पुरेल एवढा, साजूक तुपातला. पहिल्या रांगेत माझे वडील, नवा रुमाल बांधून.

सुरुवात उत्तम झाली. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, पोरांची संचलनाची रांग पाहुण्यांसमोरून जायला निघाली. पाहुणे ताठ उभे, हात कपाळाला. आणि मला वास आला.

रवा जास्त भाजला की आधी वास बदामासारखा येतो. तो चांगला असतो. त्यानंतर क्षणभर कसलाच वास येत नाही. तेव्हा पळायचं असतं. मला आता कसलाच वास येत नव्हता. आजही मी शपथेवर सांगतो की मी ठरवून काही केलं नाही. सतरा वर्षांच्या लांगऱ्यापुढं तुपातला रवा करपत असताना त्याच्या हातात शिट्टी देऊच नये. मी लांब शिट्टी वाजवली.

सगळी रांग पाहुण्यांसमोर खटकन उजवीकडं वळली. लाउडस्पीकरवर गाणं लागलेलं, आत त्याला ऐकू गेलं नसणार, वास तसाच. मग मी तीन छोट्या वाजवल्या.

पोरं चालू लागली. तालात, हात खांद्यापर्यंत वर, एकदम देखणी. पाहुण्यांकडं पाठ करून सरळ भटारखान्याकडं. पाहुणे रिकाम्या मैदानाला सलामी देत उभे होते. पुढची काही पोरं तर फलक बाजूला सारून आत पोचली आणि मांडी घालून बसली. पालकांत कुणीतरी म्हणालं, "आत काय हाय बा, झेंडा?"

तेवढ्यात भटारखान्यातून आवाज आला. "थम."

इतकंच. पण तो आवाज आला आणि रांग जागच्या जागी थांबली, पालक थांबले, पाण्याचे ग्लास घेऊन चाललेला शिपाईही थांबला. जोडीदार बाहेर आला. अंगात बनियन, कमरेला पंचा, हाताला रवा. त्यानं पोरांना मागं वळवलं, ओळ नीट केली, आत बसलेल्यांना उठवून आपापल्या जागी आणलं आणि त्या मऊ माणसाच्या तोंडून असे हुकूम सुटले की रांग पाहुण्यांपुढून गेली तेव्हा तिच्या शंभर पायांचा एकच आवाज येत होता. मग तो पळत आत गेला, पण तोवर शिरा कोळसा झाला होता.

पाहुणे अधिकारी मंचावरून खाली उतरले आणि सरळ माझ्याकडं आले. "हा माणूस कोण?" त्यांनी हिंदीत विचारलं. "हा उस्तादाचा आवाज आहे."

वडील दोन पावलांवर होते. चेअरमन होते. जोडीदार भटारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. मला नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "लांगरी आहे साहेब. पलटणीत परेड बघून बघून शिकलाय. मधे तोंड घालायची सवय आहे त्याला. मी पुष्कळदा सांगितलंय."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग विचारलं, "तुम्ही कुठल्या कामावर होता?" नेमका तेव्हा चेअरमननी त्यांना चहाला ओढून नेलं.

पाहुणे शिरा न खाता गेले, याचा चेअरमनना फार राग आला. दुपारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. "आचारी परेडीत घुसतो, शिरा जाळतो. कसं चालायचं?" म्हणाले. "पण माणूस तुमचा आहे. तुम्ही ठेवा म्हणाल तर ठेवतो. सांगा."

जोडीदार बाहेर व्हरांड्यात उभा होता. दार अर्धवट उघडं होतं. मला त्याची सावली दिसत होती.

मला अधिकाऱ्यांची ती नजर आठवत होती. हा इथं राहिला तर पुन्हा कधीतरी तो आवाज कुणीतरी ऐकणार, पुन्हा कुणीतरी विचारणार, आणि या वेळी चहा आडवा येणार नाही. एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. त्याच्या मुलीचा विचार आला नाही, असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. आला होता.

मी म्हणालो, "शिस्त म्हणजे शिस्त, साहेब."

बाहेर आलो तर तो पंचा खांद्यावर टाकून निघायच्या तयारीत. त्यानं ऐकलं की नाही, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, पुढंही कधी कळलं नाही. तो म्हणाला, "जाऊ द्या अण्णा. माझं सांबार खाऊन पोरं बारीक व्हायलीत. चांगला आचारी बगा कुणीतरी."

महिनाभर त्यानं आसपास काम शोधलं. मग पुण्याला गेला. मी बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. मुलगी आईचा पदर धरून उभी होती, त्याच्याकडं बघत नव्हती. बस निघाली तेव्हा तिनं आईला विचारलं, "मामा परत कधी येणार?"

त्याच्यानंतर माझी परेड कशी चालली, हे कुणी विचारत नाही, पण सांगतो. पोरांनीच मला शिकवलं. मी चुकलो की पहिल्या रांगेतलं पोर हळूच म्हणायचं, "सर, बाएँ." हळूहळू मला खरंच येऊ लागलं. मी निवृत्तीपर्यंत तिथं राहिलो. वडील तो फोटो उशाशी ठेवून गेले. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, म्हणजे ज्यासाठी सगळं केलं ते साधलं.

बऱ्याच वर्षांनी एकदा धीर करून पुण्याला गेलो, माफी मागायला. सोबत ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. उमरग्याच्या पुढं बसमध्ये मी बोलायची तयारी करत होतो. तयारी इतकी जोरात झाली की शेजारी बसलेले गृहस्थ माझ्याकडं वळून म्हणाले, "असू द्या काका. झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नका." मी त्यांना म्हणालो, "तुम्हाला न्हाई." ते म्हणाले, "तरीपण."

तो एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर होता. केस पांढरे, पण इस्त्रीचा गणवेश. गाड्या त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर अशा वळत होत्या की मला मैदानच आठवलं. मला बघून त्याला फार आनंद झाला. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून तो सांगत होता, "हे आमचे कमांडो सर. सीमेवर होते." इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, जिथं माझ्या वडिलांना कुणी ओळखत नव्हतं तिथंही तो माझं खोटं सांभाळत होता.

त्याच्या केबिनमध्ये बसून आम्ही भाकरी खाल्ली. मी विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"शिकायली. हुशार हाय. रोज फोन करती. 'अप्पा, जेवलात का' म्हणती." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "फोनवर म्हणती. घरी गेलो की एक-दोन दिस लाजती, बोलतच न्हाई. जरा बोलायला लागली की माझी गाडी असती." आणि हसून म्हणाला, "मी म्हणलं, तू फोनवरच बोल. मी अंगणात बसतो, तू आतून फोन कर."

बोलायची वेळ तीच होती. केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो, फाटकावर गाडी नव्हती. बसमध्ये पाठ केलेलं सगळं मला आठवत होतं.

मी म्हणालो, "चटणीत मीठ कमी पडलंय का रे?"

"न्हाई अण्णा, बेस झालीय."

संध्याकाळच्या गाडीनं मी परत आलो. त्यानंतर तो गावी यायचा तेव्हा कधी भेट व्हायची, कधी नाही. लोक असायचे. लोक नसले की मी पावसापाण्याचं बोलायचो. मागच्या वर्षी तो पुण्यातच गेला, कामावर असताना. त्याला गावी आणलं तेव्हा मुलगी पुढं होती. ती आता औरादकडं शाळेत शिकवते. मला बघून म्हणाली, "काका, अप्पा तुमचं लई नाव काढायचे." मी मान हलवली. तिथं बरीच माणसं होती. ती सगळी मला वाट देत होती, कमांडो सर आले म्हणून.

त्याला जे सांगायला मी पुण्यापर्यंत गेलो होतो ते लांबलचक नव्हतं. ते एवढंच होतं: गड्या, त्या दिवशी चेअरमननं तुला काढलं न्हाई. त्यानं मला विचारलं होतं, ठेवू का म्हणून. दार उघडं होतं, तू बाहेर होतास, मला तुझी सावली दिसत होती. तरी मी न्हाई म्हणालो. तुझी पोरगी मला आठवत होती, तरी न्हाई म्हणालो. माझं चुकलं.